जुनी सीपीयूफ्रीकयुटिल्स काढताना: वाचकांच्या शंका

या वेळची बहुतेक पत्रं एकाच दुखण्याची आहेत: लिनक्सवर प्रोसेसरचा वेग दाखवायला किंवा बांधून ठेवायला कधीकाळी बसवलेलं साधन, आणि ते काढताना किंवा न काढल्यामुळे झालेला घोळ. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत छापली आहेत. टर्मिनलमध्ये ती नेहमीसारखी रोमन अक्षरांत टाइप करा. मुख्य पॅकेजचं, म्हणजे सीपीयूफ्रीकयुटिल्सचं, स्पेलिंग एकदा पाहून ठेवा: सी-पी-यू, एफ-आर-ई-क्यू, यू-टी-आय-एल-एस. सगळं सलग, मध्ये ना जागा, ना रेघ.

प्रश्न (पुणे): जुन्या लॅपटॉपमधली एसएसडी काढून नव्या डेस्कटॉपला लावली. प्रोसेसर रायझन ५ ३६००, सिस्टिम डेबियन १२, तीच वर्षानुवर्षं अपग्रेड करत आणलेली. सगळं चालतं, पण कितीही लोड दिला तरी वेग २.२ गिगाहर्ट्झच्या वर जात नाही. बायोस रीसेट करून पाहिला. बोर्ड बदलून मागू का?

उत्तर: थांबा, बोर्डाचा यात काही दोष नाही. डिस्कबरोबर जुन्या लॅपटॉपच्या सवयीही आल्या आहेत. आधी हे पाहा:

कॅट /ईटीसी/डिफॉल्ट/सीपीयूफ्रीकयुटिल्स

तिथे ‘गव्हर्नर’ (वेग कधी वाढवायचा-उतरवायचा ते ठरवणारा नियम) समोर ‘ऑनडिमांड’ आणि ‘मॅक्स_स्पीड’ समोर ‘१६०००००’ असं काहीतरी सापडण्याची दाट शक्यता आहे. हा आकडा किलोहर्ट्झमध्ये असतो, म्हणजे १.६ गिगाहर्ट्झ. जुन्या लॅपटॉपचा पंखा शांत ठेवायला कुणीतरी लिहिला असणार, आणि प्रत्येक बूटला तो इमानेइतबारे लागू होतोय.

मग वेग १.६ वर न अडता २.२ वर का अडला? डेबियन १२ मधलं ६.१ कर्नल (सिस्टिमचा गाभा), वेगळं सांगितलं नसेल तर, या प्रोसेसरवर एसीपीआय-सीपीयूफ्रीक ड्रायव्हर वापरतं. त्याला या चिपच्या तीनच पायऱ्या माहीत असतात: २.२, २.८ आणि ३.६ गिगाहर्ट्झ. मागितलेली कमाल मर्यादा सगळ्यात खालच्या पायरीच्याही खाली असेल तर कर्नल ती ओढून त्या पायरीवर आणतं. ४.२ पर्यंतचा बूस्ट फक्त ३.६ च्या पायरीवरून मिळतो. ती पायरीच बंद, मग बूस्टचा प्रश्नच नाही.

काढण्याआधी सुकी तालीम करा:

सुडो ॲप्ट -एस पर्ज सीपीयूफ्रीकयुटिल्स

‘-एस’ लावल्यावर काहीही काढलं जात नाही, काय काय जाईल याची यादी तेवढी दिसते. यादीत डेस्कटॉपचं एखादं मोठं पॅकेज दिसलं तर पुढे जाऊ नका. कोणतं पॅकेज कशावर अवलंबून आहे ते आधी शोधा. यादी ठीक असेल तर:

सुडो सिस्टिमसीटीएल डिसेबल --नाऊ सीपीयूफ्रीकयुटिल्स लोडसीपीयूफ्रीक
सुडो ॲप्ट पर्ज सीपीयूफ्रीकयुटिल्स
सुडो आरएम /ईटीसी/डिफॉल्ट/सीपीयूफ्रीकयुटिल्स

तिसरी ओळ विसरू नका. ही फाइल बहुतेक वेळा नमुना फाइलीवरून हातानं तयार केलेली असते. पॅकेजनं न ठेवलेली फाइल पर्ज पुसत नाही. उद्या कुणी पॅकेज पुन्हा बसवलं की १.६ चं भूत परत उठेल.

‘रिमूव्ह’ का नको, ‘पर्ज’च का? डेबियन पद्धतीत /ईटीसी/इनिट.डी मधल्या स्क्रिप्ट्स सेटिंगच्या फाइली मानल्या जातात, आणि ‘रिमूव्ह’ सेटिंगला हात लावत नाही. मग प्रोग्राम गेलेला, स्क्रिप्ट मात्र जागच्या जागी. सिस्टिमडी (सेवा सुरू-बंद करणारी व्यवस्था) ती वाचून त्याच नावाची सेवा यादीत दाखवत राहतं. बायनरी नसल्यानं ती सेवा काही करत नाही, पण सहा महिन्यांनी दुसरा कुणी यंत्र तपासायला बसला की तासभर वाया जातो. ‘डीपीकेजी -एल’ च्या यादीत ओळीच्या सुरुवातीला ‘आरसी’ दिसलं तर समजा, पॅकेज गेलंय पण त्याचा कचरा उरलाय.

एवढं करूनही वेग लगेच वाढणार नाही. मर्यादा कर्नलच्या स्मृतीत एकदा लिहिली गेली आहे. लिहिणारा गेला तरी लिहिलेलं राहतं. रीबूट करा, किंवा लिनक्स-सीपीयूपॉवर हे पॅकेज बसवून तिथल्या तिथे मर्यादा उठवा:

सुडो सीपीयूपॉवर फ्रीक्वेन्सी-सेट -यू ३६०००००

प्रश्न (सांगली): आमच्या रेंडरिंगच्या यंत्रांवर सीपीयूफ्रीक-सेट वापरणारी स्क्रिप्ट आहे. नव्या आवृत्तीवर पॅकेज सापडतच नाही म्हणून ॲप्ट अडतो. जुनी डेब फाइल उतरवून बसवावी का?

उत्तर: नको. सीपीयूफ्रीकयुटिल्स हा प्रकल्प ००८ या आवृत्तीवर थांबला. २०११ मध्ये कर्नल ३.१ बरोबर त्याचा वारस, सीपीयूपॉवर, थेट कर्नलच्या सोर्समध्ये आला आणि तेव्हापासून कर्नलसोबतच सुधारत आहे. इंटेल_पीस्टेट ड्रायव्हर आला २०१३ मध्ये, शेड्युटिल गव्हर्नर २०१६ मध्ये, एएमडी_पीस्टेट २०२२ मध्ये. यातलं काहीच ००८ लिहिणाऱ्यांपुढे नव्हतं.

नवं साधन डेबियनमध्ये लिनक्स-सीपीयूपॉवर या नावानं मिळतं, फेडोरात कर्नल-टूल्समध्ये, आर्चमध्ये नुसतं सीपीयूपॉवर. उबुंटूत ते लिनक्स-टूल्सच्या पोटात असतं, आणि तिथे हमखास अडखळायला होतं: लिनक्स-टूल्स-कॉमन बसवलं की ‘सीपीयूपॉवर’ ही आज्ञा येते, पण चालवली की ‘या कर्नलसाठी सापडत नाही’ असा इशारा देऊन थांबते. ती नुसती दारवान असते. खरा प्रोग्राम चालू कर्नलच्या आवृत्तीच्या लिनक्स-टूल्स पॅकेजमध्ये असतो. ‘यूनेम -आर’ जे नाव दाखवेल ते ‘लिनक्स-टूल्स-’ पुढे जोडून ते पॅकेज बसवा.

स्क्रिप्ट बदलताना नुसतं शोधा-बदला करू नका. गव्हर्नरसाठी ‘-जी’, किमान वेगासाठी ‘-डी’, कमाल वेगासाठी ‘-यू’ हे पर्याय तेच आहेत. फरक कोअरच्या बाबतीत आहे. जुनं सीपीयूफ्रीक-सेट सांगितलं नाही तर फक्त शून्य क्रमांकाच्या कोअरला हात लावायचं. म्हणून जुन्या स्क्रिप्टमध्ये ० ते ७ असा फेरा आणि आत ‘-सी’ सापडतो. सीपीयूपॉवर न सांगता सगळ्या कोअरना लागू होतं, म्हणजे फेरा काढून टाका. एखाद्याच कोअरला लावायचं असेल तर ‘-सी’ उपआज्ञेच्या आधी येतो:

सुडो सीपीयूपॉवर -सी २ फ्रीक्वेन्सी-सेट -जी परफॉर्मन्स

‘-सी’ शेवटी लिहिला की चूक येते, आणि स्क्रिप्टनं चुकीकडे काणाडोळा केला तर यंत्र रात्रभर जुन्याच गव्हर्नरवर रेंडर करत बसतं.

खरं तर बूटच्या वेळी फक्त गव्हर्नर लावायचा असेल तर कुठलंच साधन लागत नाही. /ईटीसी/टीएमपीफाइल्स.डी मध्ये ‘.कॉन्फ’ शेपटीची एक फाइल करा आणि तिच्यात एकच ओळ ठेवा:

डब्ल्यू /सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/सीपीयू/सीपीयूफ्रीक/पॉलिसी*/स्केलिंग_गव्हर्नर - - - - परफॉर्मन्स

मधल्या चार रेघा मोजून घाला; एक जरी कमी पडली तरी ‘परफॉर्मन्स’ भलत्याच रकान्यात जातं. तारका चालते, त्यामुळे कोअर कितीही असोत. रीबूट न करता तपासायला ‘सिस्टिमडी-टीएमपीफाइल्स --क्रिएट’ आणि पुढे त्या फाइलीचा पत्ता.

प्रश्न (नाशिक): लॅपटॉप जुना, आय५-४२००यू. डेबियन १० वर झकास चालत होता. ११ वर नेला आणि कासव झाला. १२ वरही तसाच. लोड असो वा नसो, वेग ८०० मेगाहर्ट्झ. सेटिंगची एकही फाइल बदललेली नाही!

उत्तर: फाइल बदलली नाही हाच घोळ आहे. तिच्यातल्या शब्दाचा अर्थ मधल्यामध्ये बदलला.

तुमच्या /ईटीसी/डिफॉल्ट/सीपीयूफ्रीकयुटिल्स मध्ये गव्हर्नर म्हणून ‘पॉवरसेव्ह’ लिहिलेलं असणार. डेबियन १० चं कर्नल ४.१९. त्यात तुमच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरवर इंटेल_पीस्टेट सक्रिय रूपात चालायचा. त्याच्याकडे दोनच गव्हर्नर: परफॉर्मन्स आणि पॉवरसेव्ह. त्यातला पॉवरसेव्ह नावाला काटकसरी. काम आलं की वेग वाढवतो, संपलं की उतरवतो.

कर्नल ५.७ पासून नियम बदलला. ज्या इंटेल चिपमध्ये वेग स्वतः ठरवायची सोय नाही, म्हणजे साधारण सहाव्या पिढीच्या आधीच्या, तिथे हाच ड्रायव्हर निष्क्रिय रूपात सुरू होतो आणि स्वतःचं नाव इंटेल_सीपीयूफ्रीक सांगतो. या रूपात कर्नलचे सर्वसाधारण गव्हर्नर लागू होतात, आणि त्यांच्यातला पॉवरसेव्ह म्हणजे ‘कायम सगळ्यात कमी वेग’. डेबियन ११ चं कर्नल ५.१०. शब्द तोच, पण तुमच्या चिपचा किमान वेग ८०० मेगाहर्ट्झ, आणि यंत्र तिथेच खुंटीला बांधलं गेलं.

खात्री करायला ही एकच ओळ पुरे:

कॅट /सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/सीपीयू/सीपीयू०/सीपीयूफ्रीक/स्केलिंग_ड्रायव्हर

इंटेल_सीपीयूफ्रीक आलं की निदान पक्कं. वर पुण्याच्या वाचकांना सांगितल्याप्रमाणे पर्ज करा, ती फाइल उडवा, रीबूट करा. त्यानंतर त्याच फोल्डरमधल्या स्केलिंग_गव्हर्नर मध्ये बहुधा शेड्युटिल दिसेल. ते तसंच राहू द्या. कामाच्या वेळापत्रकाची माहिती त्याला कर्नलच्या शेड्युलरकडून थेट मिळते. ऑनडिमांड ठरावीक वेळानं डोकावून अंदाज बांधतो.

असाच झटका इंटेल लॅपटॉपची फाइल एएमडीच्या डेस्कटॉपवर कॉपी करणाऱ्यांनाही बसतो. उलट दिशेनं मात्र नुकसान नाही, नुसतं गोंधळायला होतं: सक्रिय इंटेल_पीस्टेटवर जुन्या स्क्रिप्टनं ऑनडिमांड मागितला की ‘गव्हर्नर उपलब्ध नाही’ असं सांगून ती गप्प बसते. फाइलीत लिहिलेलं काहीच लागू होत नाही, आणि मालक मात्र ते लागू आहे अशा समजुतीत.

प्रश्न (रत्नागिरी): मॅटे डेस्कटॉपच्या पॅनलवरचं वेग दाखवणारं ॲप्लेट काढायचं आहे. पॅकेज काढायला गेलो तर ॲप्ट अर्धा डेस्कटॉप काढतो म्हणतो.

उत्तर: ते वेगळं पॅकेज नाहीच. हवामान, बॅटरी यांच्यासारखंच ते मॅटे-ॲप्लेट्स या एका गठ्ठ्यात येतं. गठ्ठ्याला हात लावू नका. आकड्यावर उजवी क्लिक करा आणि ‘पॅनलवरून काढा’ निवडा. झालं.

लॉगिनच्या वेळी ‘सीपीयूफ्रीकॲप्लेट लोड करताना अडचण आली, सेटिंगमधून काढू का?’ असा खलिता येत असेल तर ‘डिलीट’ दाबा. ‘डोन्ट डिलीट’ दाबलंत तर उद्या तोच खलिता पुन्हा. पॅनल फारच बिघडलं असेल तर ‘मॅटे-पॅनल --रीसेट’ आहे, पण त्यानं तुम्ही हातानं लावलेले सगळे शॉर्टकट जातात.

नोम डेस्कटॉपच्या एक्स्टेन्शनांबद्दल जास्त सावध राहायला हवं. वेग बदलायची सोय देणारं एक्स्टेन्शन पहिल्यांदा पासवर्ड मागतं, तेव्हा अनेकदा पॉलिसीकिटचा (कुणाला कोणता अधिकार ते ठरवणाऱ्या व्यवस्थेचा) एक नियम आणि एक छोटा मदतनीस प्रोग्राम रूटच्या मालकीच्या जागी ठेवून देतं. एक्स्टेन्शन काढलं तरी ते दोन्ही तिथेच. रूटच्या अधिकारानं चालणारा, कुणाच्याही देखभालीत नसलेला प्रोग्राम यंत्रावर ठेवण्यात शहाणपण नाही. शोध असा घ्या:

ग्रेप -आरएल सीपीयूफ्रीक /यूएसआर/शेअर/पोलकिट-१/ॲक्शन्स

जी फाइल सापडेल तिच्यावर ‘डीपीकेजी -एस’ चालवा. इथला ‘एस’ मोठ्या लिपीतला. एखाद्या पॅकेजचं नाव आलं तर पॅकेजच पर्ज करा. ‘कुठल्याच पॅकेजची नाही’ असं आलं तर फाइल उघडा, तिच्यात मदतनीस प्रोग्रामचा पत्ता असतो. तो प्रोग्राम आणि ही फाइल दोन्ही पुसा. त्याआधी ऑटो-सीपीयूफ्रीक (वेग आपोआप सांभाळणारं साधन) वापरत नाही ना, एवढं पाहा, कारण त्याचे भागही मिळत्याजुळत्या नावांचे असतात. ते जायचं तर त्याच्याच ‘--रिमूव्ह’ पर्यायानं.

प्रश्न (ठाणे): वेग दाखवणारं आय७झेड नव्या प्रोसेसरवर भलतेच आकडे दाखवतं, म्हणून काढलं. आता खरा वेग कशात पाहू? /प्रॉक/सीपीयूइन्फो एक सांगतं, पॅनल दुसरंच.

उत्तर: दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. कर्नलनं चिपकडे मागितलेला वेग वेगळा आणि चिप प्रत्यक्ष ज्या वेगानं धावली तो वेगळा. जुनी साधनं मागणीच दाखवतात, आणि आजच्या चिप ती मागणी नुसती सूचना म्हणून घेतात.

खरा हिशेब चिपमधल्या दोन मोजकांवर होतो, एपर्फ आणि एमपर्फ: एक प्रत्यक्ष वेगानं वाढतो, दुसरा ठरलेल्या पायाभूत वेगानं, आणि दोन्ही फक्त कोअर जागा असतानाच. दोघांचं गुणोत्तर गुणिले पायाभूत वेग म्हणजे खरा वेग. हे वाचणारं साधन टर्बोस्टॅट, कर्नलच्याच सोर्समधलं. डेबियनमध्ये ते लिनक्स-सीपीयूपॉवरबरोबर येतं.

सुडो टर्बोस्टॅट --क्वाएट --इंटरव्हल ५

रकाने खूप येतात, तीनच पाहा. ‘बिझी’ म्हणजे कोअर किती टक्के वेळ जागा होता. ‘बीझेडवाय’ म्हणजे जागा असताना कोणत्या वेगानं. ‘ॲव्हरेज’ म्हणजे झोपेचा वेळही धरून सरासरी. कोअर १० टक्के वेळ जागा आणि तेव्हा वेग ३००० मेगाहर्ट्झ असेल तर सरासरी येते ३००. तो ३०० पाहून प्रोसेसर मंद झाला असा निष्कर्ष काढणारी पत्रं आमच्याकडे नेमानं येतात. टर्बोस्टॅट नको असेल तर ‘सुडो सीपीयूपॉवर मॉनिटर’ मध्येही एमपर्फच्या गटात हाच हिशेब मिळतो.

रिकाम्या यंत्रावर वेग मोजणं व्यर्थ. दुसऱ्या टर्मिनलमध्ये एक मिनिट ताण द्या आणि मग बघा:

स्ट्रेस-एनजी --सीपीयू ० --टाइमआउट ६०एस

इथे ० म्हणजे शून्य नव्हे, ‘सगळे कोअर’.

ताण देऊनही लॅपटॉप ४०० किंवा ८०० वर अडला तर पहिला संशय चार्जरवर घ्या. काही लॅपटॉप ओळख न पटलेला किंवा कमी वॅटचा चार्जर लावला की प्रोसेसरला किमान वेगावर दाबून धरतात. चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर वेग वाढला तर चोर सापडला. दुसरा संशय उष्णतेवर: इंटेल यंत्रांवर सीपीयू० च्या फोल्डरमध्ये थर्मल_थ्रॉटल आहे, त्यातल्या कोअर_थ्रॉटल_काउंटचा आकडा ताणाच्या मिनिटात भराभर वाढत असेल तर धूळ आणि पेस्ट बघा. तिसरा, ‘पॉवरप्रोफाइल्ससीटीएल’ चालवून प्रोफाइल पॉवर-सेव्हरवर तर नाही ना ते. परफॉर्मन्स प्रोफाइलखाली ‘डिग्रेडेड’ लिहून आलं तर कारणही शेजारीच छापलेलं असतं: यंत्र मांडीवर आहे किंवा तापलं आहे.

प्रश्न (मडगाव): रास्पबेरी पाय ४ वर सीपीयूफ्रीकयुटिल्सनं परफॉर्मन्स लावलाय. कधी राहतो, कधी बूटनंतर ऑनडिमांड होतो. आणि मध्येच वेग ६०० मेगाहर्ट्झवर कोसळतो.

उत्तर: दोन वेगळे आजार आहेत. पहिला दोन मालकांचा: रास्पबेरी पाय ओएसमध्ये रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या साधनाची स्वतःची आरंभ-स्क्रिप्ट असते आणि बूटच्या वेळी ती ऑनडिमांड लावते. सीपीयूफ्रीकयुटिल्सची स्क्रिप्ट तेव्हाच परफॉर्मन्स लावते. शेवटी धावेल त्याचं चालतं. सीपीयूफ्रीकयुटिल्स पर्ज करा, ‘सुडो सिस्टिमसीटीएल डिसेबल रास्पी-कॉन्फिग’ करा (रास्पी-कॉन्फिगचा मेनू तरीही चालतो), आणि सांगलीच्या उत्तरातली टीएमपीफाइल्सची ओळ घाला.

दुसरा आजार गव्हर्नरचा नाही, विजेचा आहे. हे चालवा:

व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड

उत्तर ०एक्स० आलं तर वीज ठीक. ०एक्स५०००५ आलं तर शेवटचा ५ सांगतो की या क्षणी व्होल्टेज कमी आहे आणि वेग दाबला गेला आहे. सुरुवातीचा ५ सांगतो की बूटपासून हे आधीही घडलं आहे. नुसतं ०एक्स५०००० म्हणजे आत्ता ठीक, पण मघाशी पडलं होतं. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की पाय स्वतःला वाचवायला वेग कापतं, तिथे कुठलाही गव्हर्नर हतबल. मोबाइलचा चार्जर आणि लांब बारीक केबल बाजूला ठेवा, ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा पुरवठा लावा आणि यूएसबीची हार्ड डिस्क स्वतःची वीज घेणाऱ्या हबवर न्या.

प्रश्न (बेंगळुरू): डेबियनच्या एका पॅकेजची देखभाल करतो. ते जुन्या लिबसीपीयूफ्रीक लायब्ररीवर अवलंबून आहे. अशी जुनी साधनं वितरणातूनच काढायची तर रीत काय? आणि वापरणाऱ्यांचं काय होतं? जुन्या नावाचं रिकामं संक्रमण-पॅकेज ठेवून त्यातून सीपीयूपॉवर बसवावं का?

उत्तर: उलट्या बाजूनं सुरुवात करा. कोण कोण अवलंबून आहे ते आधी, काढणं शेवटी. चालवताना लागणारे सापडतात ‘ॲप्ट आरडिपेंड्स’ नं, बांधताना लागणारे डेव्हस्क्रिप्ट्समधल्या ‘बिल्ड-आरडेप्स’ नं. दुसरी यादी विसरली जाते आणि मग कुणाचं तरी पॅकेज बांधताना कोसळतं. प्रत्येक अवलंबित पॅकेजवर बग नोंदवा आणि शक्य असेल तिथे लिबसीपीयूपॉवरचा पॅचही जोडा. नवी लायब्ररी नुसतं नाव बदलून जोडली जात नाही. काही फंक्शनांची नावंही बदलली आहेत.

यादी रिकामी झाली की एफटीपी.डेबियन.ऑर्ग या नावाच्या काल्पनिक पॅकेजवर ‘रिपोर्टबग’ नं विनंती नोंदवायची. शीर्षक ‘आरएम:’ नं सुरू होतं, मग पॅकेजचं नाव, मग कारणाची खूण: देखभाल करणाऱ्यानं स्वतः मागितलं तर आरओएम, गुणवत्ता गटानं मागितलं तर आरओक्यूए, आणि पुढे एका ओळीत खरं कारण. ‘जुनं झालं’ एवढं कारण पुरत नाही. ‘मूळ प्रकल्प थांबला, पर्याय अमुक, अवलंबित कुणी नाही’ असं लिहा. पॅकेज आधी अनस्टेबलमधून जातं, मागोमाग टेस्टिंगमधून. प्रसिद्ध झालेल्या स्टेबलमध्ये ते तसंच राहतं.

जेंटू या वितरणाची रीत वेगळी आणि आमच्या मते वापरणाऱ्यांशी जास्त सभ्य: पॅकेज.मास्क मध्ये कारण लिहून आधी मुखवटा, मग किमान ३० दिवसांची मुदत, मग काढणं. ज्याच्या यंत्रावर ते आहे त्याला पुढच्या अपडेटला कारण वाचायला मिळतं.

डेबियन-उबुंटूवर भांडारातून पॅकेज गेलं तरी तुमच्या डिस्कवरून जात नाही, आणि हे फार कमी जणांना ठाऊक असतं. अपग्रेड गुपचूप पार पडतं, जुनं बायनरी जागेवर, सुरक्षा-दुरुस्ती मात्र कायमची बंद. अशी अनाथ पॅकेजं ‘ॲप्ट लिस्ट’ पुढे अवतरणात टिल्डे (~) आणि ‘ओ’ अक्षर देऊन दिसतात. फेडोरात ‘डीएनएफ लिस्ट --एक्स्ट्राज’. आर्चवर ‘पॅकमॅन -क्यूएम’, त्यातला क्यू मोठ्या लिपीतला. या याद्यांत हातानं बसवलेली पॅकेजंही येतात, म्हणून सरसकट पुसू नका.

रिकामं संक्रमण-पॅकेज ठेवून जुन्या नावाखाली सीपीयूपॉवर बसवावं का, असंही तुम्ही विचारलंय. नको. आज्ञांची नावं वेगळी, कोअरचा नियम वेगळा. जुन्या नावाखाली नवं वागणं दिलं तर नाशिकच्या वाचकांचं झालं तेच हजारो यंत्रांवर होईल. ‘आज्ञा सापडली नाही’ ही चूक बरी. ती निदान दिसते.

प्रश्न (बडोदे): शाळेच्या संगणक कक्षात २४ यंत्रं आहेत. सगळीकडे ‘आरसी’ कचरा साठलाय. एकदम साफ होईल का?

उत्तर: होईल. ‘सुडो ॲप्ट पर्ज’ पुढे अवतरणात टिल्डे आणि ‘सी’ अक्षर दिलं की उरलेल्या सेटिंगवालं प्रत्येक पॅकेज जातं. पण प्रत्येक म्हणजे खरंच प्रत्येक: पूर्वी काढलेल्या डेटाबेसची सेटिंगही, आणि काही डेटाबेसच्या पॅकेजांत पर्ज केला की माहितीसुद्धा. आधी एका यंत्रावर ‘-एस’ लावून यादी वाचा. फक्त आपल्या विषयापुरतं हवं असेल तर सीपीयूफ्रीकयुटिल्स, सीपीयूफ्रीकडी आणि लिबसीपीयूफ्रीक० एवढी तीन नावं द्या. त्यातलं एखादं भांडारातही नसेल आणि यंत्रावरही नसेल तर ॲप्ट ‘सापडलं नाही’ म्हणून पूर्ण आज्ञाच नाकारेल, म्हणून नावं एकेक करून चालवा.

प्रश्न (सोलापूर): व्हर्च्युअल मशीनमध्ये सीपीयूफ्रीक-इन्फो म्हणतं, कुठलाही ड्रायव्हर चालू नाही. काढू का?

उत्तर: काढाच. पाहुण्या सिस्टिमला सहसा वेगावर ताबा दिलेलाच नसतो. तो यजमानाकडे असतो. सीपीयूपॉवरही तिथे हेच सांगेल, म्हणून त्या यंत्रावर पर्यायही बसवू नका.